अजून सांडला नाही

मार्लेननं माऊसवर एकदा बोट टेकवलं आणि पडद्यावर कानिशायच्या वडिलांचा हात हलायचा थांबला. एवढंच झालं. खोलीत दुसरं काही बदललं नाही. यंत्रं गार ठेवणारा वारा छतातून तसाच येत होता, खिडकीवरचा जाड काळा पडदा तसाच लोंबत होता, बाहेर बिश्केकची भर दुपार होती आणि आत ती नव्हती. पण कानिशाय खुर्चीत पुढे सरकली. पडद्यावर गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातला बर्फ होता. अतांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून घेतलेलं ते चित्र: खाली चाळीच्या अंगणात शेजारीण ताज्या बर्फावर गालिचा उलटा पसरून झोडपतेय, आणि झोडपलेल्या जागी बर्फ काळा होत चाललाय. हे चित्र कानिशायनं इतक्यांदा पाहिलं होतं की त्यातली थरथर तिला दिसेनाशी झाली होती. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते, तशी. ती थांबली तेव्हा ऐकू आली. शेजारीण गालिचा झोडपत होती, पण तिच्याकडे बघणारं आता कुणी नव्हतं. कुणीतरी गॅलरीच्या कठड्याला यंत्र बांधून निघून गेलं असावं, असं ते चित्र दिसत होतं.

"लोण्यासारखं," मार्लेन म्हणाला. "मी सांगितलंसुद्धा नव्हतं. आत घेतानाच प्रोग्रामनं सगळं तपासलं, जे खराब वाटलं त्यावर लाल ठिपका लावला आणि सरळ करून ठेवलं."

तिनं पाहिलं. डाव्या बाजूला अतांच्या क्लिप्स ओळीनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. एकही सुटली नव्हती.

"न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? दाराशी आलेल्या माणसाचे हात चिखलानं भरलेले असले, तर 'धुऊ का' म्हणून विचारतो का आपण?"

"विचारत नाही, बायके. पण पाण्याचा जग घेऊन उभे राहतो. तो हात पुढे करेपर्यंत पाणी ओतत नाही."

मार्लेन हसला. ती त्याला बायके म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं. साठीला आलेला, भरल्या अंगाचा, जाहिरातींवर गब्बर झालेला हा माणूस तरुणपणी, अता चित्रपटांचा कॅमेरा चालवत तेव्हा, त्यांच्या हाताखाली होता. त्यांच्या ट्रायपॉडचे पाय त्यानं खांद्यावरून अख्ख्या नारिन प्रांतभर वाहिले होते. अतांच्या अंत्यविधीला आलेल्यांत मोठ्यानं रडलेला पुरुष तोच. "आता गंमत बघ," असं म्हणत त्यानं दुसरी क्लिप उघडली. "इथं प्रोग्राम चुकला, आणि चुकून काय करून बसला बघ."

ती पियाल्याची क्लिप होती. मागच्या उन्हाळ्यातली, अतांनी घेतलेली शेवटची. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात चहाचा पियाला. पियाल्यापलीकडे स्वयंपाकघर, शेगडीपाशी आपाची, तिच्या आईची, पाठ, खिडकी, आणि खिडकीत दूरवर आला-तूचे बर्फाळ डोंगर. मूळ चित्रात सगळंच हलत होतं, दोन हातांचे दोन वेगळे कंप एकमेकांत मिसळून. प्रोग्रामला काय स्थिर धरावं ते कळलं नसावं. त्यानं सगळ्यात जवळचं धरलं, पियाला. त्यामुळे आता पियाला चित्राच्या मधोमध ठोकल्यासारखा उभा होता आणि बाकी अख्खं घर हलत होतं. शेगडी हलत होती, आपा हलत होती, डोंगर हलत होते.

"एवढंच ठेवू," मार्लेन हलक्या आवाजात म्हणाला. "उस्तादांचा हात स्थिर, दुनिया डळमळीत. बाहेरच्या महोत्सवांत लोक उभे राहून टाळ्या वाजवतील."

"पुढचं कुठं गेलं?"

"पुढचं कशाला हवंय?"

पुढे चहा सांडतो. पियाला काठोकाठ भरलेला असतो, आपा वळून म्हणते, "ठेवा ना तो, गार होतोय," आणि कॅमेऱ्यामागून अतांचा आवाज येतो: "थांब. अजून सांडला नाही." मग सांडतो. बोटांवर, मनगटावर, बाहीत. आणि अता हसतात. ते हसू क्लिपच्या अगदी शेवटाला होतं. मार्लेननं ते कापलं होतं.

अट त्यानं तिला नीट, मायेनं सांगितली. शनिवारी कोचकोरला, त्यांच्या गावी, अतांचा अश आहे, म्हणजे वर्षाचं जेवण. घोडा कापला जाईल, सगळं गाव येईल. तो दिवस टिपल्याशिवाय तिचा अतांवरचा चित्रपट पुरा होणार नाही, आणि तो दिवस काही परत यायचा नाही. त्यासाठी त्याचा मोठा कॅमेरा, लेन्स, पुढे जुळणीसाठी ही खोली, रंगांसाठी त्याचा माणूस, सगळं तिचं. फक्त उस्तादांचा हात हललेला कुणाला दिसता कामा नये. "ज्या माणसानं मला हात स्थिर ठेवायला शिकवलं," तो म्हणाला, "त्याचं हे मी गावापुढे मांडू? मला मेल्यावर त्यांना तोंड दाखवायचंय, कानिश."

ती विचार करते म्हणाली आणि बाहेर पडली. उन्हानं डोळे दिपले. रस्त्याकडेच्या अरीकमधून, उघड्या पाटातून, डोंगरावरचं पाणी खळखळत शहरातून चाललं होतं, त्यात ओकची पानं आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. पाण्याच्या कडेकडेनं चालताना तिला वाटलं, मार्लेन खोटं बोलत नाहीये, हीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. अतांचा हात खरंच तसा होता. जुन्या सरकारी स्टुडिओत, कुबट वासाच्या त्या लांब बोळात, नव्या पोरांची परीक्षा ते एका पियाल्यावर घेत. काठोकाठ भरलेला चहा तळहातावर ठेवायचा आणि बोळाच्या या दारापासून त्या दारापर्यंत चालत जायचं. सांडला की परत. लहानपणी ती तिथल्या लाकडी बाकावर बसून ही वरात बघायची: दाढीमिशा फुटलेले बापये श्वास रोखून, गुडघे मऊ करून, नवरीसारखे चालताहेत, आणि बोळाच्या टोकाला अता हाताची घडी घालून उभे. तिला तेव्हा भीती वाटायची. कारण घरी पियाला कधी भरत नसत. घरी आपा दोन घोट ओतायची, पाहुण्यानं पियाला पुढे केला की पुन्हा दोन घोट, पुन्हा दोन. जितका कमी तितका मान, बसा, आणखी बसा. भरून दिलेला पियाला म्हणजे प्या आणि चालते व्हा. एकदा तिनं खेळता खेळता आजोबांपुढे काठोकाठ भरलेला पियाला ठेवला होता, तेव्हा आपानं तो तिच्या हातातून असा हिसकावला होता की तिचं मनगट पोळलं. मग हे सगळे बापये अतांचं काय बिघडवून बसलेत की अता त्यांना रोज चालते व्हा म्हणतात, असं तिला वाटायचं. त्यातला एक मार्लेन होता. तो सगळ्यांत जास्त सांडायचा.

अतांना कंपवात आला तेव्हा तो आधी आपाला कळला. अतांच्या पियाल्यातले दोन घोट दीड झाले, मग एक झाला. घोटभर चहाला सांडायला काठच सापडत नाही. पाहुण्यांना वाटे, काय मान ठेवते ही नवऱ्याचा. अता पियाला पुढे करत, आपा ओते, ते पुन्हा पुढे करत. म्हातारपणी दोघांत जणू एक खेळच सुरू झाला होता आणि तो इतका बिनबोभाट चाले की कानिशायलासुद्धा बरेच दिवस पत्ता लागला नाही. कळलं तेव्हा ती घोटभर चहाकडे बघू शकेना. तिनं काय केलं, तर अतांना कॅमेरा घेऊन दिला. लोकांनी तिला वेड्यात काढलं. काका म्हणाले, लंगड्याला घोडा देतेस की काय. घोडा लंगड्यालाच लागतो, असं उत्तर तिला दोन दिवसांनी सुचलं.

दुसरा कॅमेरा मिळतो का बघायला ती त्सूम या मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आली. इथं काचेमागे कॅमेरे मांडलेले असतात, चाकूसुऱ्यांसारखे. गल्ल्यामागच्या टाय लावलेल्या, हजरजबाबी माणसानं तिच्या हातात नवा कॅमेरा दिला. लहान, जड, थंड. "हलवा, एजे," तो ताई म्हणावं तसं म्हणाला. "नाही, असा नाही, चांगला गदागदा हलवा, एजे. सासूवर राग आलाय समजा." तिनं हलवला. मागच्या छोट्या पडद्यावर समोरचं दुकान, फळीवरच्या किटल्या, किटल्या पुसणारी बाई, सगळं जिथल्या तिथं. तिनं आणखी जोरात हलवला. खांदा दुखला, पण चित्राला पत्ता नाही. "बघितलंत? भूकंप झाला तरी याला कळायचं नाही." तो अभिमानानं म्हणाला. तिला एकदम वाटलं, आपण कुणाच्या तरी खांद्याला धरून हाक मारतोय आणि तो माणूस सभ्यपणे हसत दुसरीकडे बघतोय.

"हे बंद करता येतं?"

"काय बंद?"

"हे स्थिर करणं."

"येतं की. पण बंद कशाला करायचं, एजे? लोक त्याचेच तर पैसे देतात."

अतांना कॅमेरा घेऊन दिला त्या वेळी त्यांनीही असंच हातात धरून पारखलं होतं. लग्नाची चित्रं काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या घरी ती त्यांना घेऊन गेली होती, त्याच्याकडे जुने कॅमेरे विकायला होते. तिनं रस्त्यात सेन्सर, कमी उजेड, बॅटरी किती टिकते, असं सगळं डोक्यात घोकून ठेवलं होतं. अतांनी त्यातलं काही विचारलं नाही. त्यांनी एकेक कॅमेरा उचलला, डोळे मिटले आणि नुसता धरून ठेवला. थरथर दंडापर्यंत चढली. एक चांगला, महाग होता तो खाली ठेवत म्हणाले, "हा माझं ऐकत नाही." शेवटी घेतला तो सगळ्यांत साधा, बॅटरीचं झाकण तुटलेला. त्याला आपानं लोणच्याच्या बरणीचा रबर लावला, तो अजून आहे. परतीच्या वाटेवर ते गाडीच्या काचेतून डोंगर टिपत होते आणि ती मागच्या पडद्यावर बघत होती. डोंगर उकळत्या दुधासारखे वरखाली होत होते. तिनं न राहवून म्हटलं, "अता, हलतंय." "हात माझा हलतोय," ते म्हणाले, "डोंगराला काय धाड भरलीय." आणि टिपत राहिले.

त्यांना पुरलं त्या दिवशी बायका युर्तमध्ये, लोकरीच्या तंबूत, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. कोशोक म्हणायचा असतो: गेलेल्याची थोरवी, सुरात, रडत, बाहेरून नवं माणूस आलं की पुन्हा पहिल्यापासून. आपानं म्हटला. आत्यांनी म्हटला. मुलीनं म्हणायचाच असतो, आणि मुलीच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती फेल्टच्या भिंतीवरची एक सुटलेली दोरी बघत बसली. पुस्तकं वाचून वाचून हिच्या जिभेला घट्टे पडलेत, असं मागे कुणी तरी कुजबुजलं; तिनं ऐकलं. कोशोकमध्ये मेलेल्याचा हात कधी हलत नाही. त्यात तो घोडा आवरतो, गरुड पेलतो, नदी अडवतो. मार्लेनला तेच हवं होतं. त्याच्या हातात प्रोग्राम होता म्हणून त्यानं त्यावर म्हटला, एवढंच. पण हा चित्रपट म्हणजे तिचाच तर कोशोक होता, वर्षभर उशिरा, आणि शनिवारी दुखवट्याचे काळे कपडे उतरवण्याआधी तिला तो सुरू करायचा होता. तिला नदी अडवणारा माणूस आठवत नव्हता. तिला आठवत होता तो माणूस, ज्याला शर्टाचं बटण लावायला अख्खी सकाळ लागायची आणि जो त्यानंतर गॅलरीत जाऊन काम करायचा. तो थरथरला तर काय झालं? थरथरत होता म्हणजे धरून होता. हे तिनं स्वतःशी इतक्या मोठ्यानं म्हटलं असावं, की किटल्या पुसणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. कानिशायनं कॅमेरा काचेवर ठेवला. "घेत नाही," ती म्हणाली. टायवाल्याचा चेहरा पडला, पण तिला त्याची दया आली नाही.

गुरुवारी दुपारी मार्लेन घरी आला. तो कानिशायकडे आलाच नव्हता, तो आपाकडे आला होता. हातात मोठ्या कॅमेऱ्याची काळी पेटी, काखेत लॅपटॉप, आणि आपासाठी कोझिनाकच्या चिक्कीचा पुडा. आपानं त्याला दाराकडे पाठ होणार नाही अशा मानाच्या जागी बसवलं, पुढे बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, आणि साय ठेवली, आणि कानिशायला खूण केली. कानिशाय चहादाणीपाशी बसली. तिनं घोटभर ओतून दोन्ही हातांनी पियाला पुढे केला.

"तू अजून जाडा झालास," आपा म्हणाली.

"तुमच्या हातचं खात होतो तेव्हा बारीक होतो, जेंगे." तो तिला जेंगे म्हणायचा, म्हणजे वहिनी.

"तेव्हा माझ्या हातचं नाही, त्यांच्या शिव्या खात होतास. शिव्यांनी माणूस बारीक राहतो."

तो खूप हसला, मग गंभीर झाला. पियाला पुढे केला, कानिशायनं पुन्हा घोटभर ओतला. लॅपटॉप उघडून त्यानं आपाला पियाल्याची क्लिप दाखवली, ती सरळ केलेली. आपानं चष्मा लावला. पडद्यावर पियाला स्थिर होता आणि ती स्वतः शेगडीपाशी डोलत होती.

"जेंगे, लेकीला तुम्ही सांगा. गावापुढे शोभायला हवं. उस्तादांची अब्रू आहे."

आपा पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "मी दारू प्यायल्यासारखी का हलतेय?"

"ते कलात्मक आहे, जेंगे."

"असेल. पण त्या दिवशी मी सरळ उभी होते. माझे गुडघे दुखत होते म्हणून मला आठवतंय." तिनं चष्मा काढला. "आणि हे हसले होते, ते कुठं गेलं?"

मार्लेननं कानिशायकडे पाहिलं. जणू तिनंच आईला पढवून ठेवलं होतं. "त्याआधी सांडतो, जेंगे," तो मान खाली घालून म्हणाला. "मला बघवत नाही."

"तुम्हाला बघवत नाही," कानिशाय म्हणाली. वर्षभरात प्रथमच तिचा आवाज मोकळा झाला. "मग बघू नका, बायके. डोळे मिटून घ्या. पण त्यांचा हात नका धरू. तो भरलेला पियाला त्यांनी स्वतः ओतून घेतला होता, आपानं नाही. तुम्हा सगळ्यांची परीक्षा घेतली तशी स्वतःची घेत होते. आणि टिपत होते, नापास होताना. असं धाडस तुमच्या त्या बोळात कुणी केलं होतं का?"

"कानिश, मी त्यांना लहान करत नाहीये गं."

"तुम्ही त्यांना नाहीसं करताय. गालिच्याच्या चित्रात मी त्यांना शोधलं. ते नव्हते तिथं."

बोरसोकचा एक तुकडा घेऊन त्यानं तो सायीत बुडवला आणि तसाच ताटलीत ठेवला. मग थकल्या आवाजात म्हणाला, "बरं. हसणं जोडतो. बाकी सरळ राहू दे. कॅमेरा तुझा. निम्मं तुझं, निम्मं माझं, झालं?" आणि सवयीनं पियाला पुढे केला.

कानिशायनं चहादाणी उचलली. एक घोट झाला, दुसरा झाला, ती थांबली नाही. चहा चढत गेला, काठाशी आला, आणि काठावर किंचित फुगून थांबला. तिनं दोन्ही हातांनी तो पियाला त्याच्यापुढे ठेवला. ती आपाकडे बघत होती. तिचं मनगट आपोआप आखडलं होतं. आपाचा हात मेजावर होता. तो उचलला गेला नाही. आपानं फक्त बोरसोकची ताटली थोडी बाजूला सरकवली, जागा करून दिल्यासारखी.

मार्लेन पियाल्याकडे बघत राहिला. घरात भरलेला पियाला म्हणजे काय, हे कुठल्याही किर्गिझ पोराला कळतं, आणि त्याला तर त्या बोळातलाही ठाऊक होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू लहान होत गेला, मिशा फुटायच्या आधीचा झाला. त्यानं डावा हात पुढे केला आणि पियाला उचलला. श्वास रोखलेला तिला दिसला. पियाला मेजापासून वीतभर वर आला, ओठांच्या वाटेवर अर्ध्यावर पोचला, आणि काठावरचा चहा एका बाजूनं थरथरला, फुटला, बोटांवरून मनगटावर आणि पांढऱ्या मेजपोसावर आला.

"गरम आहे," तो पुटपुटला.

"त्यांनाही पोळलं होतं," आपा म्हणाली. "पी."

तो प्यायला. निमूटपणे, शेवटपर्यंत. मग उठला, आपापुढे वाकला, बोटं टोपीला पुसली. दारापाशी त्यानं पेटीकडे बोट दाखवलं. "ही राहू दे. अट नाही. काही नाही."

"घेऊन जा, बायके," कानिशाय म्हणाली. "शनिवारी या. पूर्वी अतांच्या शेजारच्या घोड्यावर तुम्हीच बसायचात, आता त्यांच्या माणसांत बसा. पण हे घेऊन जा. हे माझं ऐकायचं नाही."

जिन्यातून त्याची पावलं आणि भिंतीला ठोकत जाणारी पेटी बराच वेळ ऐकू येत होती. आपानं मेजपोस बदलला नाही. डाग पसरू दिला, त्यावरच हात ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली.

कानिशायनं रबर लावलेला कॅमेरा पिशवीत भरला, बॅटऱ्या चार्जिंगला लावून ठेवल्या, आणि आपल्या जुन्या संगणकापाशी आली. त्यावर एक फुकटचा, रटाळ प्रोग्राम होता. कापणं, जोडणं, आवाज कमीजास्त, यापलीकडे त्याला फारसं येत नव्हतं, आणि जे येत होतं तेही तो उसासे टाकत करायचा. पण त्याची एक रीत होती: तो विचारायचा. तिनं अतांच्या मूळ क्लिप्सचं फोल्डर उघडलं आणि पहिली क्लिप आत ओढली. पडद्यावर गालिचा आला, काळवंडणारा बर्फ आला, आणि मधोमध एक छोटी चौकट उघडली: चित्र हलते आहे. स्थिर करायचे?

नाही, तिनं दाबलं.

गालिचा थरथरला. शेजारणीनं छडी उगारली, आणि तिच्याकडे बघणारा माणूस गॅलरीत परत येऊन उभा राहिला; त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिनं दुसरी क्लिप ओढली. चित्र हलते आहे. स्थिर करायचे? नाही. तिसरी, अंगणातल्या बाकावर बुद्धिबळ खेळणारे म्हातारे. नाही. गाडीच्या काचेतले डोंगर, उतू जाणारे. नाही. स्वयंपाकघरातून आपानं विचारलं, "काय पुटपुटतेस गं?" तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण प्रत्येक वेळी ते मोठ्यानं म्हणतोय, आणि म्हणता म्हणता त्याला एक सूर लागलाय, भिंतीकडे तोंड करून कोशोकला लावतात तसला. सगळ्या क्लिप्सना एकदम नाही म्हणायची सोय त्या प्रोग्राममध्ये नव्हती. तिला ती नकोच होती. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि पुढची क्लिप उघडली.